काटा हिरव्यात होता

"नमस्कार, चालक. कृपया आपले नाव सांगा," सांबर म्हणाला.

रिफतने नाव सांगितलंच नाही. तो शिडीवरून खाली उतरला, हेल्मेट जमिनीवर ठेवलं आणि मैदानाबाहेर निघून गेला. मैथिली आणि कार्तिकी नुसत्या बघत राहिल्या.

काय बोलणार हो त्या तरी? कालपर्यंत हाच सांबर त्याला "रिफ्या" म्हणून हाक मारत होता. रिफतने शीळ घातली की आपणहून गुडघे वाकवून शिडी खाली करत होता. आणि आज तो त्याला नाव विचारत होता, तेही परक्या पाहुण्यासारखं!

सांबर म्हणजे जंगलातला नव्हे बरं का. सांबर हा यंत्रमल्ल (माणूस पोटात बसून चालवतो असा दोन पायांचा, घराएवढा उंच यंत्रमानव). चंद्रपूरजवळ कोळसा संपून बंद पडलेली एक उघडी खाण होती. तिथे शाळाशाळांचे यंत्रमल्लांचे सामने होत. एका तुकडीत तिघं. मैथिली झाडे गव्यात बसायची, रिफत शेख सांबरात आणि कार्तिकी नैताम रोहीत (तिन्ही यंत्रमल्लांना रानातल्या जनावरांची नावं होती). हवेच्या तोफेतून एकमेकांवर रंगाचे गोळे मारायचे. अंगाचा जो भाग रंगाने पुरता माखेल तो निकामी धरायचा. रंगाने यंत्रमल्लाचं काहीच बिघडत नाही. उष्णतेने मात्र बिघडतं.

यंत्रमल्लाचा मेंदू कमरेत असतो, पायांच्या मोटारींना अगदी चिकटून. चालकाच्या सवयी, त्याचा आवाज, त्याची चाल हे सगळं त्या मेंदूतल्या बारीक धाग्यांच्या जोडण्यांत वर्षानुवर्षं मुरत जातं. आता तुम्ही म्हणाल, मग त्याची प्रत काढून ठेवायची! तेच तर होत नाही. लोणचं मुरलं की त्यातून मुरणं तेवढं वेगळं काढता येतं का? कंबर फार तापली की त्या जोडण्या वितळतात आणि यंत्रमल्ल पुन्हा कारखान्यातून आल्यासारखा कोरा होतो.

उपांत्य सामन्यात नेमकं हेच झालं. ती तिघं सामना जिंकत होती आणि सांबर अचानक गुडघ्यांवर बसला. रिफत ओरडला, "काटा हिरव्यात आहे! हिरव्यात आहे अजून!" सामना थांबला तशा मैथिली आणि कार्तिकी धावत जाऊन वर चढल्या. दोघींनीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, उष्णतेचा काटा चांगला लालमध्ये होता.

"खोटं काहून बोलून राहिला बे?" कार्तिकीच्या तोंडून निघून गेलं.

रिफतचा चेहरा असा झाला की मैथिलीला ते वाक्य ऐकलंच नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. मग रिफतने सांबर पुन्हा सुरू केला, आणि सांबरने त्याला नाव विचारलं.

गुणांवर सामना त्यांनीच जिंकला होता आणि अंतिम सामना पुढच्या आठवड्यात होता. मैथिलीला भीती वाटत होती, पण ती हरण्याची नव्हती. तिने गव्याच्या पायाला टेकून विचारलं, "तुला तरी कळतं का रे, तू किती तापलास ते?"

"काट्यावर दिसतं तेवढंच मला कळतं, मैथिली," गवा आपल्या जाड, संथ आवाजात म्हणाला. "काटा लाल झाला की मी स्वतःला बंद करून घेतो. सांबरही तेच करत होता. तू आज नीट जेवली नाहीस वाटतं. आवाज बारीक येतोय."

मैथिलीला रडूच फुटलं. उद्या हाच गवा तिला म्हणाला, "आपले नाव सांगा," तर?

ती तडक आबाजींकडे गेली. आबाजी म्हणजे तिच्या आईचे वडील. सगळं आयुष्य त्यांनी उष्णतेच्या अभ्यासात घालवलेलं. तिने सगळी हकीगत सांगितली आणि शेवटी विचारलं, "आबाजी, रिफत खोटं बोलत नाही. मी ओळखते त्याला. पण काटा मी स्वतः लालमध्ये पाहिलाय. दोन्ही खरं कसं असेल?"

"हं," आबाजी म्हणाले. "स्वयंपाकघरात चल. आणि आईला सांगू नको, मागच्या वेळी तिने मला फार बोलून घेतलं होतं."

त्यांनी एक जाड लोखंडी सळई गॅसवर आडवी ठेवली. ज्योतीपासून वीतभर लांब, सळईवर थिजलेल्या तुपाचा एक ठिपका लावला. गॅस पेटवला. ज्योतीवरचं टोक हळूहळू लालबुंद झालं. तूप होतं तसंच पांढरंशुभ्र. मग आबाजींनी गॅस बंद केला.

"झालं?" मैथिली म्हणाली.

"थांब की. घाई काय आहे?"

दोघं बघत राहिली. इकडचं लाल टोक काळं पडलं, निवत चाललं. आणि तेव्हा कुठे, ज्योत विझून बराच वेळ झाल्यावर, तूप चमकलं, पातळ झालं आणि सळईवरून खाली ओघळलं.

"अगं बाई! गॅस तर बंद आहे! मग तूप आत्ता कसं वितळलं?"

"तूच सांग."

मैथिली विचार करत, अडखळत सांगू लागली. "उष्णता या टोकाला तयार झाली... पण तिला तिथून तुपापर्यंत चालत जायला वेळ लागला."

"शाबास! लोखंडातून उष्णता अशी कणाकणाने पुढे सरकते, त्याला उष्णतावहन म्हणतात. आता तुझ्या गव्यात उष्णता तयार कुठे होते?"

"कमरेत. मोटारींत. आणि तोफेच्या पंपात. सायकलच्या पंपाने हवा भरली की पंपाचं बूड तापतं ना, तसं."

"आणि काटा कुठली उष्णता मोजतो?"

"पाठीवरच्या पत्र्याची. तिथून ती हवेत..." मैथिली मध्येच थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "आबाजी, आमचा काटा तुपाच्या जागी आहे!"

"आहे खरा. तुम्ही सावकाश चालत असाल तर काही बिघडत नाही, उष्णता तयार होते तशी पाठीपर्यंत पोचत राहते. पण धावपळ करून भराभर गोळे मारलेत तर कंबर आधी जळते आणि काट्याला ते मागाहून कळतं. या मागाहून कळण्याला विलंब म्हणतात (गोष्ट घडणं आणि ती आपल्याला कळणं, यांच्यामधला वेळ)."

"म्हणजे काटा खोटं बोलतो?"

"खोटं नाही गं. शिळं बोलतो."

रिफत खरं बोलत होता. सांबर कोसळला तेव्हा काटा हिरव्यातच होता. मैथिली आणि कार्तिकी वर चढेपर्यंत तो लाल झाला होता. मैथिलीला हलकं वाटलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली.

"काटा काढून कमरेत बसवला तर?"

"सामन्याआधी यंत्रात बदल करायला तुमचे नियम परवानगी देतात का? नाही ना? मग कमरेजवळ आणखी कोण असतं ते बघ."

"मीच असते! माझी पेडलं थेट पायांच्या मोटारींना जोडलेली आहेत."

"आणि मोटारीतली तांब्याची तार तापली की ती विजेला जास्त अडवते. त्याला रोध वाढणं म्हणतात. मोटारीचा जोर कमी होतो. ते तुझ्या पायाला कळेल का?"

कळतं. मैथिलीला ते फार चांगलं ठाऊक होतं. पेडल मऊ लागतं. ती कार्तिकीला बोलावून घेऊन तशीच रिफतकडे निघाली.

तो शाळेच्या पायरीवर एकटाच बसला होता. मैथिलीने आधी सळईची गोष्ट सांगितली. कार्तिकी ऐकता ऐकता खाली बघू लागली. "माझं चुकलं रे, रिफत," ती म्हणाली. "खरंच चुकलं. काही न विचारता बोलले."

रिफतने मान हलवली. पण त्याचं तोंड काही उजळलं नाही.

"पेडल मऊ लागलं होतं का तुला?" मैथिलीने हळूच विचारलं.

तो म्हणाला, "लागलं होतं. काटा हिरवा होता, पण पायाला काहीतरी वेगळं वाटून राहिलं होतं."

"मग रेडिओवर काहून सांगितलं नाहीस?" कार्तिकीने विचारलं.

"सांगतो कसा? यंत्रं धुवावी लागली असती ना."

या तुकडीत एक गंमत चालत आलेली होती. सामन्यात जो आधी "तापलो" म्हणेल, त्याने नंतर तिन्ही यंत्रमल्ल एकट्याने धुवायचे आणि बाकीच्यांनी कठड्यावर बसून चिडवायचं. ही गंमत कोणी काढली ते कोणालाच आठवत नव्हतं. पण हळूहळू झालं असं की मरणाचं तापलं तरी कोणी तोंड उघडेना.

"मागच्या महिन्यात माझंही पेडल मऊ झालं होतं," कार्तिकी म्हणाली. "ओठ मिटून बसले."

"माझं तर दोनदा," मैथिली म्हणाली.

काट्याला उशीर होत होता तो लोखंडामुळे. आपल्याला उशीर होत होता तो लाजेमुळे. आणि दोन्ही उशीर एकावर एक चढले ते बिचाऱ्या सांबरच्या डोक्यावर. मैथिलीला हे लख्ख कळलं. "आजपासून यंत्रं तिघांनी मिळून धुवायची," ती म्हणाली. "कोणी काहीही म्हणो."

त्या आठवड्यात त्यांनी सराव केला तो "तापलो" या एकाच शब्दाचा. एकाने "तापलो" म्हटलं की बाकी दोघांनी लगेच पुढे सरकून त्याच्यासमोर उभं राहायचं. म्हणजे सरकता येईल इतकं जवळ राहायला हवं, एकट्याने पुढे धावून चालणार नाही. समोर उभं राहिल्यावर गोळा मारून झाला की कमरेच्या वरचं अंग वळवायचं, म्हणजे शत्रूचा रंग एकाच खांद्यावर न साचता सगळ्या अंगावर विभागला जातो. आणि तिघांनी तीन निशाणं धरायची नाहीत. तिघांचे गोळे एकावरच पडले की तो लवकर बाद होतो आणि प्रत्येकाला कमी गोळे मारावे लागतात, म्हणजे उष्णताही कमी. सांबर मात्र सगळा आठवडा रिफतला "चालक"च म्हणत राहिला; रिफतने त्याला नाव सांगितलंच नव्हतं.

अंतिम सामना बल्लारपूरच्या तुकडीशी झाला. खाणीच्या काठावर सगळं गाव लोटलं होतं. बल्लारपूरचे दोन यंत्रमल्ल बाद झाले. इकडे रोहीचा एक पाय निकामी झाला होता. शेवटचा शत्रू मैथिलीच्या अगदी समोर होता, आधीच माखलेला. दोन गोळे मारले की करंडक यांचा.

आणि पेडल मऊ झालं.

मैथिलीने काट्याकडे पाहिलं. हिरवा. काठावरून लोक ओरडत होते, "मार! मार गं!" तिचं बोट तोफेच्या बटणावर होतं. दोनच तर गोळे! "तापले" म्हणायचं तिच्या जिवावर आलं.

"मैथिली, थांबलीस का?" गव्याने विचारलं. "काटा हिरव्यात आहे."

तो आवाज ऐकला आणि तिने बटणावरचं बोट काढलं.

"तापले!" ती ओरडली. "मी तापले रे!"

सांबर क्षणभरही न थांबता तिच्यापुढे आला. कोरा सांबर, रिफतची चाल अजून न शिकलेला, अडखळत का होईना पण आला, आणि मैथिलीवर येणारे गोळे त्याने आपल्या छातीवर घेतले. रोही लंगडत दुसऱ्या बाजूला उभी राहिली. त्यांच्या आडोशाला गवा निश्चल उभा होता. पाय हलत नव्हते, तोफ बंद होती. आणि मैथिलीच्या डोळ्यांसमोर काटा आपोआप चढू लागला. हिरव्यातून पिवळ्यात. पिवळ्यातून पुढे, आणखी पुढे. लाल रेघेला टेकला आणि तिथेच थरथरत थांबला.

ते दोन गोळे मारले असते तर?

कोऱ्या सांबरचे आणि लंगड्या रोहीचे गोळे हुकत राहिले, आणि तेवढ्या वेळात बल्लारपूरवाल्याने सावरून घेतलं. शिट्टी झाली तेव्हा निकामी भागांवरून गुण मोजले गेले, आणि आडोसा देता देता सांबर आणि रोही इतकी माखली होती की करंडक बल्लारपूरला गेला. वाईट वाटलं का? वाटलं तर! कार्तिकी तर हेल्मेटमध्येच रडली. पण मैथिलीने पहिल्यांदा विचारलं ते एवढंच, "गव्या, मी कोण?"

"हा काय प्रश्न झाला?" गवा म्हणाला. "मैथिली. आणि तू आजही नीट जेवलेली नाहीस."

संध्याकाळी तिघं पाण्याचे पाइप घेऊन यंत्रं धुवत होती. थोड्या वेळाने बल्लारपूरची मुलंही येऊन उभी राहिली. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "काटा हिरवा असताना तू थांबलीस कशी?" मैथिलीने पाइप खाली ठेवला आणि सळईची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. आयोजकांतल्या एक बाईही मागे उभ्या राहून ऐकत होत्या. पुढच्या वर्षी काटा कमरेत बसवता येईल का ते पाहू, असं त्या म्हणाल्या.

रिफत मात्र सांबरच्या गुडघ्यावरचा रंग घासत होता. घासता घासता त्याच्याही नकळत त्याच्या तोंडून जुनी शीळ निघाली. लक्षात आल्यावर तो गप्पकन थांबला.

"चालक," सांबर म्हणाला, "हा आवाज मला माहीत नाही. लक्षात ठेवू का?"

रिफतने ओल्या बाहीने डोळे पुसले.

"ठेव," तो म्हणाला. "आणि माझं नाव रिफत."