हाकेला ओ

बसा. लाइट यायला तासभर तरी लागेल. भुताचं विचारलंत म्हणून सांगतो. हे घडलं आमच्या भरतच्या बाबतीत, आणि भरत खोटं बोलणारा माणूस नव्हता. मुळात तो बोलायचाच कमी.

वीज खात्यात तो माझ्या हाताखाली वायरमन होता. डोंगराकडच्या वाडीतला, आश्रमशाळेत शिकलेला. कामाला चोख. पण तो कधी कुणाला हाक मारायचा नाही. खांबावर असताना पक्कड खाली पडली, तर स्वतः उतरून उचलायचा. एकदा पाय मोडून ऑफिसच्या मागे दोन तास पडून राहिला. वीस पावलांवर आम्ही चहा पीत होतो. मी रागावलो, एक हाक मारायची होतीस म्हणालो.

"कोन येतं, दाजी?" एवढंच बोलला.

त्याची बायको मनिषा सांगायची, लग्नाला सात वर्षं झाली, पण एकदाही नावाने बोलावलं नाही. नुसता जवळ येऊन उभा राहतो. तिचं लक्ष जाईपर्यंत.

कारण मला तिच्याकडूनच कळलं. तो चार वर्षांचा असताना आईबाप सुकापूरच्या पुढे एका वीटभट्टीवर राबायचे. पोर जाळाकडे जाऊ नये म्हणून आई त्याला लुगड्याच्या पट्टीने झोपडीच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, बांधून जायची. एका संध्याकाळी तिच्या पायाला डसलं. कोण, ते रात्रीचं बोलू नये. भट्टीवरचे सगळे तिला उचलून पनवेलला धावले. जो तो समजला, पोर दुसऱ्याकडे असेल. ती रात्र गेली. दुसरा दिवस दुपारपर्यंत गेला. पोर हाका मारत राहिलं. कुणी ओ दिली नाही. आणि आई काही परत आली नाही.

आता ती रात्र. एक्याण्णव साल, अकरा डिसेंबर, बुधवार. एका बंद पडलेल्या भट्टीवरची जुनी वायर उतरवून आणायला मी त्याला पाठवलं. ती भट्टी हीच, हे मला माहीत नव्हतं. तोही काही बोलला नाही. सायकल काढली आणि गेला.

वायर उतरवेपर्यंत साडेसात वाजले. आकाशात चंद्राची कोर. आसपास माणूस नाही. तो वायरचं वेटोळं कॅरिअरला बांधत होता.

"आये…"

मोडक्या झोपड्यांकडून. पोराचा आवाज.

रात्री अशी हाक आली तर ओ देऊ नये, हे वाडीतल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. ओ दिली की ते आपल्याला धरतं. भरत सायकलवर बसला. निघाला.

"आये…"

डांबरी रस्ता लागला. तो थांबला. आवाज जवळ येत नव्हता. लांबही जात नव्हता. पोराचा घसा सुकलेला… तरी हाक मारत होतं.

"भ्यालो, दाजी," तो मला नंतर म्हणाला. "पन तो बी भ्याला असंल ना."

त्याने सायकल आडवी टाकली. मागे वळला. आणि छाती फुटेल एवढ्या जोरात ओरडला, "ओ!"

हाक थांबली.

तो झोपडीत गेला. छप्पर नव्हतं. एक मेढ उभी होती. बॅटरी मारली. कुणी नाही. तो मेढीला टेकून बसला. बॅटरी विझवली.

बराच वेळ काही नाही…

मग अगदी कानाशी, "हायेस?"

"हाय."

पुन्हा शांत… पुन्हा, "हायेस?"

"हाय. जात नाय."

कोर मावळली. अंधार. थंडी. तो उठला नाही. रात्रभर तेवढंच. विचारणं… आणि उत्तर. पहाटे कधीतरी विचारणं बंद झालं.

इकडे मनिषा रात्री माझ्या दारात आली. भट्टीवरून तो केव्हाच निघाला असेल असं वाटून आम्ही पार पळस्प्यापर्यंत शोधलं. उजाडताना भट्टीजवळच्या रस्त्याला आडवी सायकल दिसली. मी भट्टीकडे जायला शेतात शिरणार, तेवढ्यात लांबून हाक आली.

"दाजी! हितं हाय मी!"

भरतची हाक. आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. मनिषाने माझ्याआधी ओ दिली.

मी झोपडीत गेलो. त्याच्या शेजारी एक कच्ची वीट होती. तिच्यावर उमटलेलं एक पाऊल. माझ्या वितीहून लहान. भट्टी बंद होऊन नऊ वर्षं झालेली. जवळपास पाण्याचा टिपूस नाही.

मी बोट लावलं.

माती ओली होती.