पावलांनी जागं होणारं घर

मावशी गेल्यापासून बंद असलेलं तिचं घर मी चार महिन्यांनी राहायला म्हणून उघडलं, दहा पावलं टाकली आणि जमीन जागी झाली. आधी एक ठिपका उडाला, मग दहा... मग माझे पायच काळे दिसू लागले! मागोमाग आत शिरलेली, इतके दिवस शेजाऱ्यांनी सांभाळलेली मावशीची मांजर काखोटीला मारून मी पळत सुटले, ती थेट शेजारच्या कुत्र्याला सुई टोचून निघालेल्या जनावरांच्या डॉक्टरांवर आदळले.

"भूत बघितलंत?"

"पिसवा!"

"मग बरं. भुतावर माझ्याकडे औषध नाही."

माणूस आगाऊ होता. डोळे मात्र... असो.

त्यांनी मांजरीच्या मानेवरचे केस बाजूला सारून थेंब सोडले. "हे कातडीच्या तेलातून अंगभर पसरेल. पिसू अंगावर आली, की तिच्या नसांना 'थांब' म्हणणारं काही उरत नाही. थरथरते, थरथरते... आणि संपते. मांजरीच्या नसा वेगळ्या, तिला धोका नाही."

"आणि घरातल्या?"

"त्या कोषात पडून आहेत. तिथे औषध शिरत नाही. पावलांचा हादरा बसला, की कुणीतरी आलं म्हणून उठतात. रोज घरभर चालून त्यांना उठवायचं, मांजरीवर येऊ द्यायचं. आणि हो... दोघांनी चालावं लागतं."

दादाने बजावलं होतं, "महिनाभर बघ. नाही जमलं तर मांजर कुणाला तरी देऊन टाक आणि मुकाट्याने परत ये." मला परत जायचं नव्हतं. पण त्या घरात एकटीने राहायची छातीही होत नव्हती.

रोज दुपारी डॉक्टर यायचे. आम्ही खोल्याखोल्यांतून फिरायचो, मागून मांजर. मावशीच्या पलंगापाशी आमचे आवाज आपोआप खाली यायचे. तिथेच सगळ्यांत जास्त पिसवा उठायच्या. मी डॉक्टरांची बाही धरायचे आणि सोडायला... विसरायचे.

तिसाव्या दिवशी काहीच उठलं नाही. घर इतकं गप्प, की आमचे श्वास ऐकू येत होते. त्या शांततेने मी जास्तच घाबरले. आता हे कशाला येतील?

"काम झालं," ते म्हणाले, पण जागचे हलले नाहीत. "एक सांगू? रागावू नका. चालायला... एकच माणूस पुरतो."

"मग दोघांनी का?"

"घाबरून निघून जाल, अशी... मलाच भीती वाटत होती."

मी तिथल्या तिथे दादाला फोन लावला.

"गाडी पाठवू का?" त्याने विचारलं.

"नको. तूच ये," मी डॉक्टरांकडे बघत म्हणाले. "तुला एकाला भेटवायचंय."