लिस्बेतचा पिवळा फ्रॉक

गारांनी झोडपलं नसतं, तर रुफिनो नेलिदा शिंपिणीच्या दुकानात कशाला शिरला असता? मान खाली घालून तोतोरा गावच्या बाजारात यायचं, कांदे विकायचे आणि तसंच परत जायचं, असा माणूस तो. पण त्या दिवशी सात वर्षांच्या लेकीला पोटाशी धरून तो नेलिदाच्या उंबऱ्यात येऊन आदळला. बापलेक दोघंही डोक्यापासून पायापर्यंत दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत.

"कुणाचं?" नेलिदानं हळूच विचारलं.

"हिच्या आईचं. पुढच्या महिन्यात वर्ष होईल."

म्हणजे काळं उतरवायचा दिवस जवळ आला होता. त्या दिवशी चर्चमधून आलं की जवळची माणसं दुखवट्यातल्यांच्या अंगावरचं काळं उतरवून त्यांना रंगीत कपडे घालतात.

"मग पोरीला फ्रॉक लागेलच की!" नेलिदानं टेप काढली. "आईला कुठला रंग आवडायचा गं?"

रुफिनो दचकला. "बाई, तिच्यासमोर तो विषय नको. ती रडते."

"ती रडते... की तुम्ही?"

लिस्बेत मध्येच बोलली. "पिवळा! आणि आई हसली ना, की शेजारच्या कोंबड्या पळायच्या."

रुफिनोनं गारांकडे तोंड फिरवलं. त्याची हनुवटी थरथरताना नेलिदानं पाहिली, आणि ती पोरीचं माप घेऊ लागली.

मग दर रविवारी फ्रॉकचं काहीतरी निघू लागलं. कधी बाही घट्ट, कधी कॉलर टोचते. लिस्बेत यायची आणि आईबद्दल बोलत सुटायची. रुफिनो आधी रस्त्यावर थांबायचा, मग दारात, मग चक्क स्टुलावर.

"चौथा रविवार हा," नेलिदा म्हणाली. "फ्रॉक तेवढाच, पोरगी तेवढीच. मग वाढतंय तरी काय?"

"कांद्याचा भाव," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

नेलिदाच्या मनात चोर होता. काळं उतरलं की हा माणूस मोकळा होईल, असं तिला वाटायचं. पण फ्रॉक तयार झाला आणि लिस्बेतनं तो ढकलून दिला.

"मी काळं काढणार नाही! काळं बघून लोक विचारतात, 'कुणाचं?' मग मला 'आईचं' म्हणता येतं. घरी पप्पा तिचं नावसुद्धा घेत नाहीत!"

नेलिदानं फ्रॉकची घडी घातली. ते तिला फार जड गेलं. "घालू दे तिला काळं. हवं तेवढे दिवस. तुम्ही मात्र तिच्या आईबद्दल बोला हो..."

रुफिनो स्टुलावर टेकला.

"होविता..." तो म्हणाला. "होविता फार बेसूर गायची. आणि मी... मी तिला पुन्हा गायला लावायचो."

तो हसला, आणि हसता हसता ढसाढसा रडला. लिस्बेत त्याच्या मांडीवर चढून बसली. "अजून सांगा ना, पप्पा!"

त्यानंतर घरी रोज आईच्या गोष्टी निघू लागल्या. वर्ष झालं त्या दिवशी पाहुण्यांसमोर लिस्बेतनं हट्ट धरला, माझं काळं नेलिदाताईच उतरवणार. पिवळ्या फ्रॉकची बटणं लावून नेलिदा उठली, तर समोर रुफिनो. अंगात कडक इस्त्रीचा निळा सदरा.

"रविवारी जेवायला येशील?"

"होविताच्या घरी?"

"तिच्याच. तिच्या गोष्टी ऐकायला... आम्हाला अजून एक माणूस हवंय."

"सगळ्या ऐकायच्या, तर म्हातारी होईन मी."

"मग मीही होईन की म्हातारा."

नेलिदानं त्याच्याकडे पाहिलं. "चालेल," ती म्हणाली.