पहिली रांग

हरीशला आयुष्यात एक कला पक्की साधली होती, ती म्हणजे रुमाल टाकून जागा धरण्याची. एसटी असो की लग्नाची पंगत, त्याचा रुमाल कधी वाया गेला नव्हता. त्या शनिवारी दुपारी कोबेच्या चिनी देवळाच्या आवारातही त्याने तेच केलं.

बँकेने त्याला जपानला पाठवलं तेव्हा नंदिनी हौसेने बरोबर आली होती. पण हा सदा ऑफिसात आणि ती घरात. तिला बोलायला एकच माणूस, शेजारच्या चान-सान आजी. त्या कँटोनीज ऑपेरात, म्हणजे आपल्या संगीत नाटकाच्या चिनी चुलतभावात, कामं करायच्या. त्यांनी दोघांना प्रत्येक खेळाला बोलावलं आणि हरीशने प्रत्येक खेळ चुकवला. आता सोमवारी नंदिनी कायमची पुण्याला निघाली होती. भांडण नाही, रडारड नाही. "वाट बघून कंटाळले रे," एवढंच म्हणाली. आज ती ओसाकाच्या मैत्रिणीचा निरोप घेऊन परस्पर खेळाला येणार होती. काहीही करून तिला थांबवायचं, हे हरीशने ठरवलं होतं. काय बोलायचं, ते मात्र सुचत नव्हतं. आठवडाभराच्या कामाने त्याचं अंग आंबून गेलं होतं.

मंडप भरलेला, पण पहिली रांग सगळी रिकामी. इकडची माणसं भिडस्त, पुढे बसायला लाजतात, असं समजून तो ऐटीत जाऊन बसला आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला. मागे कुजबुज झाली. एक म्हातारे गृहस्थ कमरेत वाकून काहीतरी सुचवायला आले.

"बायको येतेय," हरीश रुमालाकडे बोट दाखवून म्हणाला.

म्हाताऱ्यांचा चेहरा उतरला. ते पुन्हा वाकून मागे सरकले.

झांजा वाजल्या. लढाईवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी एक बाई. तो परत येतो, ती हरखून त्याच्या हाती मद्याचा पेला देते, आणि तो कधीच मेलाय हे तिला ठाऊक नसतं. चान-सान आजी या वयातही ती बाई झाल्या होत्या. त्यांचा सूर बारीक, लांबत जाणारा. भाषा कळत नव्हती, तरी हरीश खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागला. उदबत्त्यांचा धूर दाटत गेला. झाडांवरच्या किड्यांची किरकिर एकाएकी थांबली. शेजारची खुर्ची हलकेच करकरली.

"आलीस?" रंगमंचावरची नजर न काढता तो पुटपुटला. इतके महिने न सुचलेलं आपसूक ओठांवर आलं. "जाऊ नकोस गं... फार दमलोय मी. तू म्हणशील तिथे येतो, पण मला एकट्याला टाकू नकोस..."

थंडगार बोटं त्याच्या हातावर टेकली. ऑगस्टच्या उकाड्यात ती बरी वाटली.

इतक्यात खिशातला फोन थरथरला. नंदिनीचा होता.

"अरे, गाडी मध्येच अडकलीय. मी काही आता पोचत नाही. सरळ घरी जाते..."

त्याने वळून पाहिलं. खुर्चीत कोणीच नव्हतं.

खेळ संपताच चान-सान आजी तोंडावरचा रंगही न पुसता धावत आल्या. "हरीश-सान, ती रांग गेलेल्यांची असते! या महिन्यात ते नाटक बघायला येतात. नंदिनी-सानना मी सांगितलं होतं..." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "तुम्ही तिथे कोणाशी काही बोलला नाहीत ना?"

"नाही," हरीश म्हणाला. खरं सांगायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

घरी नंदिनी दारातच उभी होती. किती दिवसांनी ती अशी हसत होती!

"तिकीट रद्द केलं," ती म्हणाली.

हरीशला भडभडून आलं. तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि बूट काढायला वाकला.

"राहू देत बूट," ती हळूच म्हणाली. "आपल्याला निघायचंय."

"कुठे?"

"तूच म्हणालास ना... मी म्हणेन तिथे येतोस?"

फोनवर तो नंदिनीशी अवाक्षरही बोलला नव्हता. ते शब्द फक्त त्या शेजारच्या खुर्चीने ऐकले होते. हरीशने मान खाली घातली. मग त्याने सुटलेली नाडी पुन्हा बांधली.