दुसऱ्या खुर्चीचं माप

अर्धा गाल बधिर असताना कुणी प्रेमात पडत नाही, असं तिचं ठाम मत होतं. पण मतं काय, दातांसारखीच... कधीतरी हलतातच.

ती लोकांच्या घरी होम थिएटर बसवायची. बंद दाराआडून आवाज ऐकूनही स्पीकरचं दुखणं सांगायची, म्हणून दुकानात तिला सगळे 'कानसेन' म्हणत. त्या दिवशी मात्र दुखणं तिचं स्वतःचं होतं, अक्कलदाढेचं. दातांच्या डॉक्टरच्या तोंडावर मास्क होता. वर दिसणारे डोळे तेवढे उगाचच हसरे होते.

"काय करता आपण?" त्याने विचारलं आणि लगेच तिच्या तोंडात आरसा घातला.

"आं..."

"अरे वा! छान!"

प्रश्न त्याचे आणि उत्तरंही त्याचीच. शेवटी दाढ निघाली, तिच्या जागी कापूस बसला, आणि ती जमेल तसं बोलली, "बाहेर गाणी लागलीत ना... तिथल्या एका स्पीकरच्या वायरी उलट्या जोडल्यात."

डॉक्टर बघतच राहिला. तीन वर्षं लोक त्या स्पीकरखाली गाल धरून बसत होते, पण कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती स्टुलावर चढली, वायरींची अदलाबदल केली आणि पोकळ वाटणारं गाणं एकदम भरीव झालं.

"माझ्या घरी एक खोली रिकामी आहे," तो मास्क काढत म्हणाला. "सिनेमासाठी ठेवलीय. बघाल?"

मास्कखाली खळी होती. आता आली का पंचाईत!

चार दिवसांनी ती मोजायची टेप घेऊन त्याच्या घरी गेली. दार त्याच्या आईने उघडलं. खोली लांबट होती आणि टाळी वाजवली की घुमायची. तिने नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, "किती माणसं बसणार?"

"दोन."

"तुम्ही आणि काकू?"

"छे! आईला दिवा घालवला की झोप लागते."

"मग दुसरं कोण?"

"आहे एक जण..." तो खिडकीकडे बघत म्हणाला. "अजून विचारलेलं नाही."

तिच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. तिने वहीत 'खुर्च्या दोन' असं लिहिलं आणि स्वतःला बजावलं की आपण इथे कान घेऊन आलोय, मन नाही.

पण मन कुणाच्या बापाचं ऐकतं का? तीन आठवडे काम चाललं. जाड पडदे लागले, गालिचा आला, भिंतीतून वायरी गेल्या. आणि डॉक्टरला दुपारच्या सुट्टीत रोज घरी यायची सवय लागली.

"दाढ कशी आहे?" तो रोज विचारायचा.

"गेली ती. तुम्हीच काढलीत."

"मग तिची जागा?"

"रिकामी."

"भरून येईल हं... वेळ द्यावा लागतो." हे तो इतकं गंभीरपणे सांगायचा की तिला हसू आवरायचं नाही.

वूफरची, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरची, जागा शोधायची तिची पद्धत जरा न्यारी होती. ती वूफर खुर्चीत बसवायची आणि स्वतः भिंतीच्या कडेने रांगायची. जिथे खालचा सूर स्वच्छ ऐकू येईल ती त्याची जागा. एका दुपारी डॉक्टरही हट्टाने रांगायला लागला. ती डावीकडून, तो उजवीकडून.

"काय हरवलंय रे?" त्याच्या आईने दारातून विचारलं.

"आवाज शोधतोय, आई."

"शोधा. सापडला की चहा प्यायला या."

कोपऱ्यात दोघांची डोकी ठाणकन आपटली. "इथेच!" दोघं एकदम म्हणाले आणि कपाळ चोळत हसत सुटले. त्याच्या शर्टाला लवंगेच्या तेलाचा वास होता. डॉक्टर तिला आवडला होता. थोडाथोडका नाही, भलताच आवडला होता. आणि ती मात्र स्वतःच्या हाताने दुसऱ्या कुणाची तरी खुर्ची मांडत होती.

शेवटच्या दिवशी फक्त मोजणी उरली. बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर माइक धरायचा, स्पीकरमधून सूर सोडायचे, आणि यंत्र आवाज जुळवून घेतं. त्याची खुर्ची झाली.

"आता दुसऱ्या खुर्चीतल्या बाईंच्या कानाची उंची सांगा," ती म्हणाली. "अंदाज चालणार नाही."

"मोजलेली नाही..."

"मग बोलवा त्यांना." तिने टेप खाली ठेवली आणि ताठ उभी राहिली. मनात ठेवून कुढत बसणं तिच्या रक्तात नव्हतं. "डॉक्टर, आज काम संपेल. उद्यापासून मला इथे यायला कारण नाही. म्हणून आत्ताच सांगते. मला तुम्ही आवडता. त्या बाईंना विचारण्याआधी माझाही विचार करा."

डॉक्टरने टेप उचलली.

"बसा."

"कुठे?"

"खुर्चीत. कानाची उंची मोजायचीय."

ती बसली. त्याने जमिनीपासून टेप वर आणली. तिच्या कानाशी त्याचं बोट थांबलं. "शहाण्णव सेंटिमीटर," तो हळूच म्हणाला. "पहिल्याच दिवशी विचारणार होतो. पण तुम्ही कामासाठी येत होता... नाही म्हणणं तुम्हाला अवघड गेलं असतं. म्हणून काम संपायची वाट बघत होतो."

"तीन आठवडे?"

"एकवीस दिवस. रोज जेवण अर्धवट टाकून."

तिने माइक शहाण्णववर बसवला आणि ओठांवर बोट ठेवलं. मोजणी चालू असताना कुणी हूं की चूं करायचं नाही. दोघं भिंतीला टेकून उभे राहिले. सूर खोलीभर फिरू लागले. त्याचा हात तिच्या हातात आला, ऊबदार आणि थोडा घामेजलेला. शेवटचा एक सूर उरला असताना दाराबाहेरून आवाज आला.

"विचारलंस का रे तिला एकदाचं?"

यंत्राने लाल अक्षरं दाखवली. खोलीत आवाज आहे, मोजणी पुन्हा करा. डॉक्टरने कपाळावर हात मारला. पण ती मोठ्याने हसली, दाराकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"मीच विचारलं, आई!"