सोलांजची ओळ

वारा तोंडावर असताना कालव्याकाठी सायकल चालवू नये, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. माझ्या नवऱ्याला, रेजिसला, ते कुणी सांगितलं नव्हतं. तो उत्तरेकडचा. माझ्या वडिलांच्या ब्याऐंशीव्या वाढदिवसाची भेट म्हणून त्याने परस्पर तीन दिवसांची सहल ठरवून टाकली. दिवसा सायकली, वाटेत वाइनची कोठारं, मुक्कामाला खेड्यातल्या खानावळी. तीही नार्बोनकडून कार्कासोनकडे, म्हणजे मे महिन्यातला सेर्स वारा सरळ छातीवर.

"अगं, सगळे असेच जातात," तो म्हणाला.

"सगळे उलटे जातात, रेजिस. सगळे!"

पुढे पप्पा, काठी मागच्या टोपलीत टाकून विजेवर चालणाऱ्या तीनचाकीवर ऐटीत बसलेले. त्यांच्या शेजारी आमची लेक मायलिस, वय एकवीस, कशालाही खिदळणारी. मागे रेजिस, आणि सगळ्यांच्या मागे दातओठ खात मी.

माझा राग खरा वाऱ्यावर नव्हता. मी वाइनच्या प्रयोगशाळेत काम करते. या खोऱ्यातल्या प्रत्येक कोठाराचे नमुने माझ्या टेबलावरून जातात. तेहतीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, मी पप्पांच्या दीड हेक्टर जुन्या द्राक्षमळ्याच्या वाइनचा अहवाल लिहिला होता. 'शेवटी हिरव्या अक्रोडासारखा कडवटपणा. दोष. सुधारणे अशक्य.' तेव्हा सरकारच लोकांना वेली उपटायला सांगत होतं. मी पप्पांच्या मागे हात धुऊन लागले आणि माझ्या पणजोबांनी लावलेल्या वेली त्यांनी एका आठवड्यात उपटल्या.

त्यावरून ते मला आजवर एका शब्दाने बोललेले नाहीत. फक्त माझ्याबरोबर वाइन पिणं त्यांनी बंद केलं. माझ्या लग्नात, मायलिसच्या बारशाला, दर नाताळला, मी पेला पुढे केला की ते पाण्याचा उचलतात. पाण्याच्या पेल्याशी पेला भिडवणं आमच्यात अशुभ मानतात, तेव्हा मी माझा मुकाट्याने खाली ठेवते. या तीन दिवसांत त्यांनी एकदा, एकदाच, माझ्या डोळ्यांत बघून पेला भिडवावा, एवढ्यासाठी मी त्या वाऱ्यात पाय मारत होते.

अकरा वाजता पहिलं कोठार. मालक तरुण, बिचारा, इस्त्रीचा शर्ट घालून उभा. पप्पांनी पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"शॅम्पू," ते म्हणाले.

"गंमत करतात हो ते," रेजिस घाईघाईने म्हणाला.

मी घोट तोंडात घोळवला, पिकदाणीत थुंकले आणि मालकाला म्हणाले, "आंबटपणा छान राखलाय तुम्ही."

"बघ," पप्पा त्याला म्हणाले, "छान म्हणते आणि थुंकते."

आमच्या धंद्यात थुंकावंच लागतं. दिवसाला चाळीस नमुने गिळले तर संध्याकाळी मला उचलून घरी आणावं लागेल. हे मी पप्पांना शंभरदा सांगितलंय. सांगून उपयोग शून्य.

दुपारी कालव्याच्या तिसऱ्या जलद्वारानंतर पप्पांनी अचानक उजवीकडे वळण घेतलं. पाटी नाही, काही नाही.

"पप्पा, तिकडे कोठार नाहीये!" मी ओरडले. वाऱ्याने माझा आवाज मागे ढकलला.

रस्ता मला ठाऊक होता. आमच्या जुन्या मळ्याचा. तेहतीस वर्षं मी तिकडे फिरकले नव्हते. जमीन तशीच पडलेली होती, नुसते दगड आणि काटेरी गोखरू. कोपऱ्यातली अवजारांची दगडी खोली मात्र मला मोडकळीला आलेली आठवत होती. आता तिला नवी कौलं होती आणि दार उघडं होतं. कुणीतरी विकत घेऊन डागडुजी केली असणार, असं मी मनाशी म्हटलं.

आत गारवा होता. ओल्या पिंपाचा आणि गंधकाचा वास. निळ्या डगल्यातला एक पन्नाशीचा माणूस टेबलाशी उभा होता. त्याच्या बाह्यांवर मोरचुदाचे डाग होते. टेबलावर चार पेले मांडलेले होते, शेजारी एक पिकदाणी.

"फुल्क्रां, उशीर केलास," तो पप्पांना म्हणाला.

"पोरगी सावकाश चालवते."

"तुमचे नमुने कधी पाहिले नाहीत मी," मी म्हणाले.

"आम्ही पाठवत नाही."

त्याने चौघांच्या पेल्यांत एकेक घोट ओतला. मी पेला उचलला आणि वास नाकात शिरताच तो पुन्हा नाकाशी नेला. रानजुनिपरचं झुडूप, तापलेला दगड, आणि त्यामागे हिरवा अक्रोड. शेजारची जमीन असेल, मी स्वतःला समजावलं. तसाच दगड, तसंच पाणी.

"कुठल्या सालची?"

"मागच्या."

"आणि वेली कुठेत?"

त्याने हनुवटीने दार दाखवलं. दाराबाहेर गोखरू वाऱ्यावर हलत होतं.

पप्पांनी पेला उचलला. पाण्याचा नव्हे, वाइनचा. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"आधी चव घे, सोलांज. सांग कशी आहे. मग भिडवू."

मी घोट घेतला, जिभेवर पसरवला, ओठांतून हवा ओढली.

आणि पिकदाणीत थुंकले.

मेली सवय! हात, मान, तोंड, सगळं आपलं आपण झालं. कळलं तेव्हा पिकदाणीवरून मान वर येत होती.

"बरं," पप्पा म्हणाले. त्यांनी मायलिसशी पेला भिडवला, रेजिसशी भिडवला. तिघांनीही वाइन गिळली.

माझ्या पेल्यात थेंबही उरला नव्हता. "मला पुन्हा द्या," मी म्हणाले.

त्या माणसाने बाटली उलटी करून दाखवली.

"आई गं!" दारातून मायलिस ओरडली. "आई, बघ तरी किती घड लागलेत!"

त्या माणसाने तिघांच्या हाती छोट्या कात्र्या दिल्या. ते बाहेर गेले, दगडांत वाकले आणि तोडायला लागले.

"पुरे झाली थट्टा!" मी ओरडले. "मे महिना आहे! मेमध्ये घड कसले?"

घरच्या गुलाबाला हात लावायला घाबरणारा रेजिस सराईतासारखा पुढे सरकत होता. मी त्याचं कोपर धरून ओढलं. माशी झटकावी तसा त्याने हात झटकला, वरही पाहिलं नाही. त्याची बोटं पेरांपर्यंत जांभळी झाली होती.

पप्पा काठीवाचून चालत होते. एकीकडे मायलिस आणि रेजिस, दुसरीकडे पप्पा, आणि मध्ये एका ओळीची जागा सोडलेली.

"सोलांज!" त्यांनी हाक मारली. "तुझी ओळ ठेवलीय गं!"

मी धावत त्या जागेत शिरले. वाकले. हाताला काटे लागले, रक्त आलं, दुसरं काही लागलं नाही. रडू फुटलं मला, संतापाने. मी तशीच उठून खोलीकडे पळाले. पिकदाणीतलं प्यायचीही माझी तयारी होती.

तो माणूस दाराशीच उभा होता. त्याने माझ्यादेखत पिकदाणी बाहेर उपडी केली. दगडांनी वाइन क्षणात शोषून घेतली.

"एक घोट," मी म्हणाले. "हवं तर पाया पडते."

"तुम्ही चव घेतलीत की, बाई," तो अदबीने म्हणाला आणि आतून एक भरलेली बाटली काखेत मारून शेताकडे निघाला.

तिघं ओळींच्या टोकाला पोचले होते. तोडणीत आमच्याकडे कुणी एकटं पुढची ओळ धरत नाही. मागे राहिलेल्याची वाट बघतात. ते वळून उभे राहिले, मधल्या रिकाम्या जागेकडे बघत. मी खोलीच्या दारात उभी होते, तिकडे कुणाचीच नजर नव्हती.

वारा पडला.

कात्रीचा आवाज येत होता. तिघांच्याही कात्र्या खाली लटकत होत्या.

आवाज रिकाम्या ओळीतून येत होता. सावकाश, अडखळत, टोकाकडे सरकत.

तो थांबला.

"आलीस," पप्पा म्हणाले. त्या माणसाने भरून दिलेला पेला त्यांनी माझ्या खांद्याइतक्या उंचीवर, समोरच्या हवेत धरला आणि माझे डोळे जिथे असते तिथे बघितलं. इतक्या मायेने त्यांनी माझ्याकडे कधी बघितल्याचं आठवत नाही.

पेल्याला पेला भिडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

मायलिस हसली. तिने अंगठ्याने हवेत काहीतरी पुसलं, ओठांच्या कोपऱ्यावरून पुसावं तसं.

"आई," ती म्हणाली, "आज पहिल्यांदाच थुंकली नाहीस तू."

मी माझ्या ओठांना हात लावून पाहिला. कोरडे होते.