मंगळवारचा पांढरा कागद

वारा फिरला, भट्टीचा धूर अंगावर आला आणि तो उंच मुलगा डोळे चोळत चोळत थेट लामिलेच्या तारल्यांच्या टोपलीत पाय घालून उभा राहिला.

“अहो, मेलेले असले म्हणून काय झालं, मासे तुडवायचे नसतात!”

“माफ करा... दिसलंच नाही—” पुढचं खोकल्यात गेलं.

लामिलेने त्याला दंडाला धरून भट्टीच्या दुसऱ्या बाजूला ओढलं. “इथे उभे राहा. इथे धूर लागत नाही. किनाऱ्यावरचे नाही वाटतं तुम्ही?”

“कुमासीचा. अमोआको माझं नाव.”

“म्हणजे समुद्रच नाही तिकडे. मग बरोबर आहे.”

तो हसला. डोळे लाल, गालावर काजळी, आणि तरी हसला! लामिलेच्या हातातली तारली उगाच दोनदा उलटली गेली.

अमोआको विद्यापीठात धुराचा अभ्यास करत होता. चोरकोरच्या किनाऱ्यावर मासे धुरावर सुकवणाऱ्या बायका दिवसभर किती धूर ओढतात, ते त्याला मोजायचं होतं. त्याच्याजवळ कमरेला बांधायची एक डबी होती. तिची नळी गळ्याशी अडकवायची. डबी हळूहळू गुणगुणत हवा ओढायची आणि आतल्या पांढऱ्या कागदावर धूर साठत जायचा.

“आणि मग त्या कागदाचं काय करता? फ्रेम करून लावता?”

“धुऊन घेतो. त्यातून उतरलेला धूर पेशींना पाजतो. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी आम्ही काचेच्या ताटलीत वाढवतो.”

“अगंबाई! आणि त्या पितात?”

“बिचाऱ्या काय करतील?” तो खाली बसला आणि वाळूत बोटाने एक गोल काढला. “ही एक पेशी. धुराचा कण इतका बारीक असतो, की केसाच्या जाडीत कितीतरी मावतील. म्हणून तो नाकात अडकत नाही, घशात अडकत नाही, पार तळाशी पोचतो. आणि एकटा जात नाही. लाकूड जळताना, विस्तव धरायला तुम्ही प्लास्टिकची पिशवी टाकता ना, ती जळताना जी रसायनं निघतात, ती अंगाला चिकटवून घेऊन जातो.”

“मग?”

“मग पेशीचं कातडं फाटू लागतं. ती शेजारणींना हाका मारते, तिथे सूज येते. पेशीच्या आतही एक चूल असते, तिच्यावर ती जगते. ती चूल मंद होत होत... विझते.”

लामिलेने घराकडे पाहिलं. आत आई खोकत होती. आई बोलताना हल्ली वाक्याच्या मध्येच थांबायची, श्वास घ्यायला.

“ज्या अंगणात धूर सगळ्यात जास्त, तिथे आम्ही धुराड्याची भट्टी बांधून देणार आहोत,” अमोआको म्हणाला. “एकच उरली आहे. डबी कधी बांधाल? कोणता दिवस सोयीचा?”

आणि लामिलेच्या तोंडून निघून गेलं, “मंगळवार.”

मंगळवारी समुद्राची सुट्टी. एकही होडी पाण्यात जात नाही. मासे नाहीत, म्हणून भट्टीही नाही. चोरकोरच्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं. कुमासीच्या मुलाला नव्हतं. लामिलेचा हिशेब साधा होता. कागद कोरा येईल, तो डोकं खाजवत परत येईल, मग पुन्हा डबी, पुन्हा वाळूतले गोल...

मंगळवारी सकाळी तो डबी बांधून गेला. संध्याकाळी येऊन घेऊन गेला.

मग तो आलाच नाही.

लामिलेला काही सुचेना. तारल्या एका बाजूने करपू लागल्या. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं केंके खाताना मिरचीची चटणी घ्यायची राहू लागली. पावलं वाजली की मान वळायची— कधी कोळीण, कधी शेळी.

“कुणाची वाट बघतेस गं?” आईने विचारलं.

“कुणाची नाही.”

“बरं. मग त्या ‘कुणाची नाही’ला सांग... माझे मासे जळतायत.”

अखेर एका दुपारी तो आला, जवळजवळ धावतच. “तुमचा कागद एकदम स्वच्छ! पेशी ताटलीत मजेत आहेत. इतकी चांगली भट्टी अख्ख्या किनाऱ्यावर नाही. तुम्हाला धुराड्याची गरजच नाही, ते पलीकडच्या अंगणाला देतोय. उद्या कळवून टाकतो.”

लामिले मनात पुन्हा हिशेब करू लागली. खरं सांगितलं तर हा चिडून जाईल, कायमचा. नाही सांगितलं तर... आत आई पुन्हा खोकली.

“कळवू नका,” ती म्हणाली. “तो मंगळवार होता. मंगळवारी आम्ही विस्तव पेटवत नाही.”

त्याचं हसू मावळलं. “मग सांगितलं का नाहीस?”

“एकदाच मोजलं असतं, तर तुम्ही परत आला नसतात.”

तो कपाळाला हात लावून म्हणाला, “अख्खा किनारा जाळी विणत बसला होता त्या दिवशी. मला दिसायला नको?”

“कसं दिसेल? तुम्ही माझ्याकडे बघत होतात.”

तो लाजला. पण हसला नाही. “उद्या. भट्टी पेटव, डबी बांध,” एवढंच बोलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने डबी बांधली, संध्याकाळी येऊन नेली. पुन्हा वाट पाहणं. पण या वेळची वाट निराळी होती. भट्टीवर वाकली की तिला आपल्या छातीतल्या लहान लहान चुली दिसायच्या.

तो परत आला तेव्हा त्याचे डोळे झोपेवाचून सुजले होते.

“कागद काळा आला. कोळशासारखा. तुमच्या अंगणाचं नाव दिलंय, गवंडी शनिवारी येतील.”

“आणि पेशी?”

“मला नाही पाजता आलं.” त्याने मान खाली घातली. “मित्राला करायला सांगितलं. रोज करतो मी हे काम, लामिले. पण ताटली समोर आली आणि वाटलं... या तुझ्या आहेत.”

लामिलेने टोपलीतली एक तारली उचलली आणि हातातच धरून ठेवली.

“मी भट्टी सोडून कुमासीला येणार नाही,” ती हळूच म्हणाली.

“मी कुठे म्हटलं ये? मीच इथे राहीन. तुझी हरकत नसेल तर... तुला मागणी घालायला मामाला पाठवू, दार ठोठावायला? दारूची बाटली घेऊन, रीतसर?”

लामिलेने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच घरातून आईचा आवाज आला. थांबत, श्वास घेत, पण खणखणीत.

“मामाला सांग... दार उघडंच आहे. आणि जावईबापू... आधी त्या पोरीच्या हातातली तारली खाली ठेवा. मघापासून... उलटी धरलीय.”